विंडरमिअरचे दहा मैल

विंडरमिअरला गेला नाही असा इंग्लंडमधला मराठी माणूस शोधूनही सापडायचा नाही. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की लंडन, स्ट्रॅटफर्ड, एडिंबरो आणि लेक डिस्ट्रिक्ट ही आपली चार धाम यात्रा ठरलेलीच असते. बोनेसच्या धक्क्यावर गाडी लावायला जागा मिळवायची, घरून आणलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बाकावर बसून खायची, मग स्टीमरमधून एक फेरी आणि भरपूर फोटो. त्या फोटोंत आपल्या माणसांच्या मागे दिसतं ते करडं, शांत पाणी. शेकडो वर्षं हे असंच असणार असं आपल्याला वाटतं. पण मंडळी, ही शांतता अवघी वीसेक वर्षांची आहे. ती कायद्याने आणलेली आहे आणि त्यासाठी इथल्या लोकांनी चांगलं दहा-बारा वर्षं भांडण केलं आहे.

मी हे खात्रीने सांगू शकतो, कारण तिचा आधीचा अवतार मी पाहिला आहे. २००३ साली मी लँकेस्टरला एम.एस्सी. करायला आलो. ऑक्सनहोमला गाडी बदलली की तासाभरात विंडरमिअर. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी ती एकच सहल. २००४ च्या उन्हाळ्यात तिथे गेलं की आधी ऐकू यायचा आवाज, तलाव नंतर दिसायचा. स्पीडबोटी, त्यांच्यामागे दोरीला धरून पाण्यावरून घसरत जाणारी मुलं, आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून परत येणारी ती घरघर. खरं सांगायचं तर मला तेव्हा ते आवडलं होतं. आपण नाही का जत्रेत मौत का कुआँ बघायला उभे राहत, तसंच काहीसं.

पुढच्या वर्षी ईस्टर २७ मार्चला आला. सोमवारची सुट्टी संपली आणि मंगळवारी, २९ मार्च २००५ रोजी, विंडरमिअरवर ताशी १० मैलांची वेगमर्यादा लागू झाली. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. सायकलवाला सहज मागे टाकील इतका वेग. एवढ्या वेगात वॉटर-स्कीइंग होत नाही, माणूस पाण्यात बुडतो. म्हणजे नियमात 'स्कीइंग बंद' असं म्हणायची गरजच उरली नाही.

हा नियम आला कुठून, हे शोधताना मला वाटलं होतं की एखादा सरकारी कागद सापडेल आणि विषय संपेल. प्रत्यक्षात धागा मागे मागे गेला तो थेट १९११ पर्यंत, आणि तिथे कोण भेटावं? आपल्या मुलांची 'पीटर रॅबिट'वाली बिआट्रिक्स पॉटर!

झालं असं की एडवर्ड वेकफील्ड नावाच्या गृहस्थांना पाण्यावरून उडणारं विमान बनवायचं होतं. २५ नोव्हेंबर १९११ रोजी त्यांचं 'वॉटरबर्ड' विंडरमिअरवरून उडालं आणि परत पाण्यावर उतरलं. पाण्यावरून केलेलं ब्रिटनमधलं हे पहिलं यशस्वी उड्डाण. वेकफील्ड यांनी बोनेसजवळ कॉकशॉट पॉइंटला हँगर बांधला. पलीकडच्या किनाऱ्यावर, सॉरी गावात, बिआट्रिक्स पॉटरबाईंनी १९०५ मध्ये शेत घेतलेलं होतं. विमानाच्या इंजिनाच्या आवाजाने त्या वैतागल्या. त्यांनी 'कंट्री लाइफ' मासिकात पत्र लिहिलं, सह्यांची मोहीम काढली. त्यांच्या जोडीला होते पाद्री हार्डविक रॉन्सली, म्हणजे १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांपैकी एक. रीतसर चौकशी झाली आणि सरकारने बंदी घालायला नकार दिला. पॉटरबाई हरल्या. वेकफील्ड यांचा आनंद मात्र फार टिकला नाही. मार्च १९१२ च्या वादळात हँगर कोसळला आणि त्यात वॉटरबर्डचाही चुराडा झाला.

(गंमत म्हणजे त्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती काही हौशी मंडळींनी बांधली आणि ती २०२२ मध्ये विंडरमिअरवरून उडवली. आता विमान उडायचं तर पाण्यावर दहा मैलांपेक्षा जोरात धावायलाच हवं! तेव्हा आधी वेगमर्यादेतून सूट मागणं आलं.)

एक मोठी अडचण त्या काळापासून होती आणि आजही आहे. विंडरमिअरवर नौकानयनाचा सार्वजनिक हक्क आहे. रस्त्यावरून जायला जसं कुणाची परवानगी लागत नाही, तसं या पाण्यावरून जायलाही लागत नाही. तलावाचा तळ कौन्सिलच्या मालकीचा असला तरी 'येऊ नका' असं म्हणायची सोय नाही. फार तर कसं वागायचं ते सांगता येतं. पुढचा सगळा इतिहास या एका बारीक फटीतून घडला.

दरम्यान वेगाचं वेडही याच तलावांवर वाढत होतं. सर हेन्री सीग्रेव्ह यांनी १९२९ मध्ये मोटारगाडीच्या वेगाचा विक्रम केला होता. १३ जून १९३० रोजी, शुक्रवारी, त्यांनी 'मिस इंग्लंड टू' ही बोट विंडरमिअरवर ताशी ९८.७६ मैल वेगाने पळवली. पाण्यावरचा तो जागतिक विक्रम होता. पण समाधान न होता ते पुन्हा निघाले, बोट कशावर तरी, बहुधा तरंगत्या ओंडक्यावर, आदळून उलटली. रोल्स रॉइसचे इंजिनियर हॅलिवेल जागीच गेले, सीग्रेव्ह काही तासांनी. जाण्यापूर्वी शुद्धीवर आल्यावर त्यांनी विक्रम झाला का, एवढंच विचारलं असं सांगतात.

मग आले कॅम्पबेल पिता-पुत्र. वडील माल्कम यांनी ऑगस्ट १९३९ मध्ये कोनिस्टनवर १४१.७४ मैलांचा विक्रम केला. मुलगा डोनाल्ड याने २३ जुलै १९५५ रोजी अल्सवॉटरवर पहिल्यांदाच २०० मैलांची भिंत ओलांडली. वर्ड्‌स्वर्थची ती शाळेत पाठ केलेली डॅफोडिल्स याच अल्सवॉटरच्या काठची बरं का! डोनाल्डचा शेवट ४ जानेवारी १९६७ रोजी कोनिस्टनवर झाला. वेग ३०० मैलांच्या पुढे गेला आणि त्याची निळी 'ब्लूबर्ड' हवेत उचलली जाऊन कोलांटी खाऊन बुडाली. बोट आणि त्याचा देह तब्बल चौतीस वर्षांनी, २००१ मध्ये, तळातून वर काढण्यात आला. दुरुस्त केलेली ब्लूबर्ड मार्च २०२४ मध्ये कोनिस्टनच्या रस्किन म्युझियममध्ये परत आली आहे. मुलांना घेऊन जरूर बघा.

हे मुद्दाम सांगितलं, कारण वेगाच्या बाजूची माणसं म्हणजे नुसता धुडगूस घालणारी टोळकी होती असं आज सहज म्हटलं जातं. ते बरोबर नाही. या तलावांवर वेग ही अभिमानाची गोष्ट होती, तिला हौतात्म्याची झालर होती. वेगमर्यादा आल्यानंतरही कोनिस्टनवर नोव्हेंबरमध्ये एक आठवडा विक्रम करणाऱ्यांसाठी मर्यादा उठवायची प्रथा कित्येक वर्षं चालली, ती उगाच नव्हे.

युद्धानंतर चित्र बदललं. १९४९ मध्ये नॅशनल पार्कचा कायदा झाला, १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्क झालं. फायबरग्लासच्या स्वस्त बोटी आल्या, मागे लटकवायची इंजिनं आली, एम सिक्स मोटरवे आला. मँचेस्टर-लिव्हरपूलकडचा कामगार शनिवारी सकाळी गाडीच्या मागे बोट जोडून निघाला की दोन तासांत पाण्यावर. १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने पार्कच्या अधिकाऱ्यांना तलावांवरच्या बोटींसाठी उपविधी करायची मुभा दिली. वर म्हटलेली फट ती हीच. त्यानंतर १९७४ मध्ये लॉर्ड सँडफर्ड यांच्या समितीने एक तत्त्व सांगितलं: निसर्ग जपणं आणि लोकांनी मजा करणं या दोहोंचा मेळ बसतच नसेल, तर जपणुकीला झुकतं माप द्यावं. १९९५ मध्ये हे तत्त्व कायद्यात आलं.

या अधिकारात कोनिस्टन, डर्वेंटवॉटर आणि अल्सवॉटर या तीन तलावांवर ताशी दहा मैलांची मर्यादा आली. अल्सवॉटरची १९८३ मध्ये लागू झाली. आमच्या आयटीच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात: चारपैकी तीन सर्व्हर बंद केले की सगळा ट्रॅफिक चौथ्यावर येऊन आदळतो. इथे तेच झालं. जोरात जायचं तर विंडरमिअर, दुसरीकडे कुठे जागाच नाही. साडेदहा मैल लांब, पण चिंचोळा तलाव. त्यातच स्टीमर, शिडाच्या होड्या, वल्ह्यांच्या होड्या, साखळीवर चालणारी फेरी, पोहणारे, आणि वर या स्पीडबोटी.

पार्कने विंडरमिअरसाठी उपविधी तयार केला. १९९४-९५ मध्ये त्यावर सार्वजनिक चौकशी बसली आणि ती महिनोन्‌महिने चालली. चौकशी अधिकाऱ्याने उपविधीच्या बाजूने शिफारस केली. आता प्रश्न सुटला असं वाटत असतानाच १९९६ मध्ये पर्यावरणमंत्री जॉन गमर यांनी तो नाकारला. वेळा वाटून घ्या, विभाग पाडा, आपसात जमवून घ्या, असा त्यांचा सूर. पार्कने कोर्टाचं दार ठोठावलं. १९९७ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने फेरविचार मान्य केला, आणि २००० च्या फेब्रुवारीत मंत्री ख्रिस मलिन यांनी उपविधीला मंजुरी जाहीर केली. मात्र अंमल पाच वर्षांनी. लोकांना बोटी विकायला, धंदे बदलायला, क्लब हलवायला वेळ मिळावा म्हणून.

ही पाच वर्षं मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. आपल्याकडे नियम रात्री बारा वाजता येतो आणि सकाळी लोक रांगेत उभे असतात.

तरीही दुखलं ते दुखलंच. माझे लँकेस्टरचे घरमालक निवृत्त फिटर होते. त्यांच्याकडे जुनी, हाताने रंगवलेली एक बोट होती. नातवंडांना त्यांनी विंडरमिअरवरच स्कीइंग शिकवलं होतं. २००४ च्या शेवटी त्यांनी ती बोट मिळेल त्या किमतीला विकली. समुद्र जवळ होता, पण मोरकेंबच्या खाडीची भरती-ओहोटी म्हणजे जिवाशी खेळ. माझ्याशी बोलताना ते एकदा म्हणाले, 'काठावर बंगले घेतलेल्या पैसेवाल्यांना दुपारची झोप हवी होती, ती त्यांना मिळाली. आता तलाव त्यांचा.' मला तेव्हा तो निव्वळ त्रागा वाटला होता. पण इतिहास वाचताना त्यांचं ते वाक्य मला वारंवार आठवत राहिलं.

कारण या प्रदेशात असं खरंच घडलेलं आहे. १८४४ मध्ये विंडरमिअरला रेल्वे आणायचं ठरलं तेव्हा तिच्या विरोधात सगळ्यांत मोठा आवाज उठवला तो साक्षात वर्ड्‌स्वर्थने. वर्तमानपत्राला पत्रं लिहिली, सुनीत लिहिलं. त्याचा एक मुद्दा असा होता की गिरणी कामगारांना गाड्या भरभरून इथे आणून ओतलं तर त्यांचंही भलं नाही आणि या जागेचंही नाही. निसर्ग बघायची दृष्टी हळूहळू यावी लागते, ती तिकिटाबरोबर मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. रेल्वे १८४७ मध्ये आलीच. आज तुम्ही-आम्ही ज्या स्टेशनवर उतरतो ते हेच. वर्ड्‌स्वर्थचं ऐकलं असतं तर आपल्यासारख्यांना तिथे कुणी बोलावलं असतं का, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. हा प्रश्न जुना झाला असंही नाही. २०१९ मध्ये ज्यूलियन ग्लोव्हर यांच्या समितीने सरकारला दिलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की देशातल्या अनेक समाजांना ही नॅशनल पार्कं आपली वाटतच नाहीत.

म्हणजे शांततेचा नियम हा निसर्गासाठी आहे की शांतता परवडणाऱ्यांसाठी? याचं उत्तर मला पाण्यावर सापडलं नाही, ते पाण्याखाली सापडलं. माशांच्या नियमांत.

इंग्लंडमध्ये मासेमारीच्या बंद हंगामाची कल्पना फार जुनी. पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात, १२८५ मध्ये, काही नद्यांत सॅमन धरायला ८ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर बंदी घालण्यात आली होती. आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करत होते तेव्हाची ही गोष्ट! पण सॅमन हा राजा-जमीनदारांचा मासा. साध्या नदी-कालव्यातले रोच, पर्च, ब्रीम यांना कुणी वाली नव्हता. ते मासे पकडायला जायचे गिरण्यांतले आणि लोखंडकामातले कामगार. शेफील्डसारख्या शहरांत त्यांचे गळ टाकणाऱ्यांचे मोठमोठे क्लब होते. विणीच्या दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे सरसकट मारले जातात आणि पुढच्या वर्षी पाण्यात काही उरत नाही, हे त्यांनीच पाहिलं. त्यांनीच मागणी केली. शेफील्डचे खासदार ए. जे. मंडेला (नेल्सन नव्हेत!) यांनी ती उचलून धरली आणि १८७८ मध्ये कायदा झाला: १५ मार्च ते १५ जून या मासळीला हात लावायचा नाही. हेच मंडेला पुढे १८८० मध्ये शिक्षण खातं सांभाळताना मुलांना शाळा सक्तीची करणारा कायदा घेऊन आले.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. बंदी वरून लादलेली नव्हती. ज्यांचा आठवड्यातला एकुलता एक आनंद तीन महिने बंद पडणार होता, त्यांनीच ती मागून घेतली.

माझं आजोळ महाडजवळ. तिथे पहिला मोठा पाऊस पडला की मासे ओढ्यांतून, खाचरांतून उलटे वर चढतात. कुणी चढणीचे मासे म्हणतं, कुणी वलगणीचे. अख्खं गाव टोपल्या, पागोळ्या, फाटके पंचे घेऊन धावतं. चव विचारू नका! पण हे मासे वर चढतात ते अंडी घालायला, म्हणजे ऐन विणीच्या वेळीच आपण त्यांच्यावर तुटून पडतो. याच तालुक्यात वाळणकोंड आहे. काळ नदीचा खोल डोह, काठावर देवीचं ठाणं. डोहातले मोठाले महाशीर देवीचे, त्यांना कुणी धरत नाही. लहानपणी आम्ही कुरमुरे टाकायचो आणि हातभर लांबीचे मासे तोंडं वर काढायचे. वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या देवळापाशीही असेच देवाचे मासे आहेत. इंग्रज सरकारने १८९७ मध्ये भारतात मत्स्य कायदा केला, सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायला बंदी घातली. तो कायदा किती गावांत पोचला देव जाणे, पण वाळणकोंडाचा नियम तिथलं पोरगंसुद्धा पाळतं. समुद्रावर कोळीबांधवांचं तेच. हल्ली पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांना कायद्याने बंदी असते, पण होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊनच पुन्हा निघायचं, हे कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे.

पुन्हा विंडरमिअरकडे येऊ. त्याच्या तळाशी, खोल थंड पाण्यात, एक मासा राहतो. नाव आर्क्टिक चार. (मराठीत हे नाव सांगताना 'चार मासे' की 'चारचे मासे' असा घोटाळा होतो, तेवढा सांभाळून घ्या.) हिमयुग संपून बर्फ मागे सरकलं तेव्हा तो इथेच अडकला आणि हजारो वर्षं राहिला. दोनशे वर्षांपूर्वी मसाला आणि लोण्यात मुरवलेला चार हा लंडनच्या श्रीमंतांचा आवडता पदार्थ होता. त्याला धरायची पारंपरिक पद्धत बघण्यासारखी: होडीच्या दोन्ही बाजूंना लांबलचक काठ्या, त्यांच्या दोऱ्यांना वजन आणि चकाकणारे पत्रे, काठीच्या टोकाला घंटी. माणूस अगदी हळूहळू वल्हवत राहतो. घंटी वाजली की मासा लागला. शेजारून चाळीस मैलांनी बोट गेली तर त्या घंटीचं काय होत असेल याची कल्पना करा.

तलावातल्या माशांची नोंद ठेवायचं काम इथे १९४० च्या दशकापासून अखंड चालू आहे. फ्रेशवॉटर बायॉलॉजिकल असोसिएशनने १९३१ मध्ये काठावरच्या रे कॅसलमध्ये मुक्काम केला तेव्हा सुरू झालेल्या अभ्यासाची ही पुढची कडी. युद्धकाळात तर इथले पर्च पिंजऱ्यांनी पकडून डबाबंद करून विकले गेले. इतक्या वर्षांच्या नोंदी सांगतात की चार कमी होत चालला आहे. पाणी तापतंय, सांडपाण्यातलं खत शेवाळाला पोसतंय, तळातला प्राणवायू घटतोय, आणि रोचसारखे उपरे मासे वाढलेत. ते आले कसे? बऱ्याच अंशी गळाला लावायच्या जिवंत आमिषातून! पाइक पकडायला दुसरीकडून छोटे मासे बादलीत आणायचे आणि उरलेले तलावात ओतायचे. बॅसेनथ्वेटमधला व्हेंडेस हा दुर्मीळ मासा त्यामुळे नाहीसा व्हायच्या बेतात आला. त्याची अंडी नेऊन १९९७ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख स्कीनमध्ये वाढवावी लागली. अखेर २००२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या चौदा तलावांवर गोड्या पाण्यातला मासा, जिवंत असो वा मेलेला, आमिष म्हणून वापरायला बंदी आली.

आता उलटी गोष्ट. वेगाचे नियम कडक होत असताना माशांचा बंद हंगाम मात्र सैल होत होता. १९९५ मध्ये बहुतेक तलावांवरून आणि २००० मध्ये बहुतेक कालव्यांवरून १५ मार्च ते १५ जूनची बंदी उठली, कारण मासे पकडून परत सोडायची रीत रूढ झाली होती आणि तलावांचे मालक स्वतः काळजी घेऊ लागले होते. नद्यांवर ती राहिली. २०१९ मध्ये ती उठवावी का, असं एन्व्हायर्नमेंट एजन्सीने गळ टाकणाऱ्यांनाच विचारलं, आणि बंदी कायम राहिली. शेफील्डच्या त्या कामगारांचे पणतू अजून आपल्या आनंदाला कुलूप लावून घ्यायला तयार आहेत.

विंडरमिअरच्या दहा मैलांमागे असं एकमत कधीच नव्हतं. म्हणूनच तो नियम अजूनही काहींच्या घशात अडकलेला आहे. माझ्या मते नियम योग्यच होता. एकाच्या मजेसाठी पन्नास जणांनी पाण्यात उतरायला घाबरावं हे बरं नव्हे. आज त्याच तलावात वल्ह्याच्या होड्या, कयाक, थंड पाण्यात डुंबणाऱ्या आजीबाई, सगळे दिसतात. पण घरमालकांच्या त्या तक्रारीतलं अर्धं खरं होतं. ते झाकून पुढे जाता येत नाही.

आणि दहा मैलांनी पाणी स्वच्छ होत नाही. १९९२ मध्ये अँबलसाइड आणि टॉवर वुड इथल्या सांडपाणी केंद्रांत फॉस्फेट काढायची सोय झाली, थोडा फरक पडला. तरी अलीकडच्या उन्हाळ्यांत तलाव हिरवा पडतो, कुत्र्यांना पाण्याजवळ नेऊ नका अशा पाट्या लागतात. लोकांनी पुन्हा मोहीम काढली, आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की विंडरमिअरमध्ये सांडपाणी अजिबात सोडलं जाऊ नये हे उद्दिष्ट राहील. या वेळी भांडणात स्पीडबोटवाले, शिडवाले आणि बंगलेवाले एकाच बाजूला आहेत, हे विशेष. काठावरच्या हॉटेलांत राहून, तिथले नळ वापरून येणारे आपणही त्या हिशोबात धरलेले आहोत.

तुमच्याकडचं एखादं पोर सहलीत गळ मागेलच, म्हणून थोडं कामाचं सांगतो. इंग्लंडमध्ये तेरा वर्षं पूर्ण झाली की मासेमारीचा परवाना लागतो. तेरा ते सोळा वयाला तो फुकट आहे, पण काढावा लागतोच. तलावावर जायचं तर तिथली पाटी आधी वाचा, कारण राखीव जागांत बंद हंगाम अजून आहे आणि नॉरफोक ब्रॉड्सवरही आहे. भाड्याच्या मोटरबोटीत बसलात तर बोनेस, वॉटरहेड आणि फेरीच्या वाटेवर मर्यादा दहाची नाही, सहाची आहे. पार्कचे पहारेकरी वेग मोजायचं यंत्र घेऊन फिरतात आणि दंड खरोखर होतो. नदीवर मात्र रोच, पर्च, ब्रीम अशा साध्या मासळीची मासेमारी १५ मार्च ते १५ जून बंद, म्हणजे ईस्टरची सुट्टी बहुधा त्यातच येते आणि मे महिन्याची हाफ टर्मही. पोरं कुरकुरतात. आमच्या गावातले जुने गळवाले कुरकुरत नाहीत. ते १५ जूनला रात्री जेवून, थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन नदीकाठी जाऊन बसतात, आणि चर्चच्या घड्याळात बाराचे ठोके पडले की मग गळ टाकतात.